सलोमीबाईची ओटी

त्या दिवशी जेवणाच्या खोलीत इतके जण होते. मी, कमल. माझ्या बाजूले वैशाली, जिनं हे सारं माझ्या तोंडून ऐकून लिहून घेतलं. तिचं खरं नाव हे नाई, तिनंच हे नाव निवडलं. भिंतीजवळ खुर्चीवर रेश्मा, पोटुशी, तिले उभं राह्यवत नव्हतं. पलीकडं सलोमीबाईचा पुतण्या प्रकाश अन् त्याची बायको सुनीता, नागपूरवरून सकाळच्या गाडीनं आलेले. पाळक साहेब, हातात गीतांचं पुस्तक. दाराशी चर्चची चार-दोन माणसं, त्याईची नावं मले येत नाई. अन् बाई. बाई मधात होती, पेटीत. दोन बाकं जोडून त्याच्यावर पेटी ठेवली होती, ज्या बाकांवर बसून आम्ही इतकी वर्षं जेवलो तीच बाकं.

पाळक साहेब म्हणाले, शेवटचं पाहून घ्या, आता झाकण लावू. तवा मी ताट घेऊन पुढं झाली. ताटात नारळ, गहू, हळकुंड, सुपारी, खारीक अन् एक हिरवं ब्लाऊजपीस. साहेबाईनं ताट पाह्यलं अन् त्याईचा हात झाकणावरच राह्यला.

"कमलबाई, हे काय?"

"बाईची ओटी भरायची हाय."

साहेब तरणे हायेत, सोभावानं गरीब. ते हळूच म्हणाले, "हे आपल्यात नसतं हो. आणि... त्यांचं तर लग्नही झालेलं नव्हतं." प्रकाश माझ्या कानाशी आला अन् म्हणे, "मावशी, नका ना. लोक पाहून राह्यले."

पुढं काय झालं ते सांगीन. पण बाई कोण होती अन् मले हे काऊन करावं वाटलं, ते आधी सांगायले पायजे. नाई तर तुम्ही म्हणान, म्हातारी पागल झाली. मले आता लय बोलवत नाई, दम लागते. पण हे एक बोलून घेऊ दे.

माझं गाव तळेगावाच्या बाजूले, आतल्या रस्त्यावर. शाळा चौथीपर्यंत. लग्न झालं, नवरा कापसाच्या जिनिंगवर कामाले जाये. एक हंगाम संपला अन् तो दुसऱ्या पोराईसंगं गुजरातकडं गेला. गेला तो गेला. त्याच्यामागं मले कळलं का दिवस हायेत. सासूनं बोटं मोजली अन् म्हणे, हे आमचं नाई. मी बी मोजून दाखवली, पण तिची बोटं वेगळी अन् माझी वेगळी. दिरानं माझं गाठोडं अंगणात आणून ठेवलं. फेकलं नाई, ठेवलं. हे मी काऊन सांगून राह्यली... त्या दिवशी माझ्याशी तेवढंच कोणी बरं वागलं म्हणून. भावाकडं गेली तर भावजय म्हणे, राह्य चार दिवस, पण बाळंतपण इथं नको, आमच्या पोरी लग्नाच्या हायेत. तिचं काही चुकलं असं मले आजबी वाटत नाई. घर तिचं होतं. तळेगावच्या बाजारात भाजी विकणारी एक म्हातारी होती, माझ्या माहेरची. तिनं मले पाह्यलं अन् सांगतलं, "वर्ध्याले बोरगाव मेघेच्या कडेले एक किरिस्ताव बाई राह्यते. तुझ्यासारख्या बायाईले ठेवून घेते. धरम बदलवते म्हणतेत, पण जेवू घालते." मी म्हटलं, धरमाचं मंग पाहू.

घर सापडलं तवा दुपार झाली होती. छपराच्या कवेलूवर वांदराईची टोळी बसून होती अन् एक उंच, सावळी बाई, पांढरं लुगडं, पदर कमरेले खोचलेला, शिडीवर चढून काठीनं त्याईले हाकलून राह्यली होती. मागं न पाह्यताच म्हणे, "कोण आहे गं? ती शिडी धर जरा, हलते आहे." मी गाठोडं ठेवलं अन् शिडी धरली. एक मोठं वांदर शेवग्याची शेंग तोंडात धरून तिच्या डोक्यावरून उडी मारून गेलं. "घे मेल्या, तूच खा. आम्ही आहोतच वरण-भाताला," ती म्हणे, अन् मंग खाली पाह्यलं. माझं पोट पाह्यलं. "अगं बाई! तू कशाला धरलीस? सोड, सोड आधी."

"मी सोडली तर तुम्ही पडान ना," मी म्हटलं.

ती वर, मी खाली, अन् दोघीबी हासायले लागलो. कितीक दिवसानं हासली असन मी. खाली उतरून तिनं माझं नाव विचारलं, गाव विचारलं, भात खातेस का पोळी ते विचारलं. कोणाचं लेकरू, ते विचारलं नाई. ते तिनं कधीच विचारलं नाई, मलेबी नाई अन् माझ्यामागून आलेल्या एकीलेबी नाई. ज्याईले सांगायचं राहे त्या सांगत. नाई सांगतलं तरी ताटात तेवढंच पडे.

बाई मिशनच्या कंपाऊंडात वाढलेली. बाप दवाखान्यात कंपाउंडर. तीबी नर्स झाली, लग्न केलं नाई. हे काम काऊन घेतलं, ते एकदाच बोलली, आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो तवा. तिच्या मोठ्या बहिणीचं असंच काही झालं होतं. "आमच्याच लोकांनी तिला चर्चच्या मागच्या बाकावर बसवलं गं. एकटीला. आणि मी लहान होते, पुढच्या बाकावर बसून गाणी म्हणत होते." एवढं बोलून पुन्हा तांदूळ निवडायले लागली. बहिणीचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाई. बाईच्याच घरात शिकली होती मी, न विचारणं.

घरात सकाळी प्रार्थना होये. बाई गाये, पण बाप्पा, काय तो आवाज... वांदरंबी पळत. कोणाले बसायचं असन तर बसा, नाई तर भाजी चिरा. आमच्यात हिंदू, बौद्ध, एक मुसलमान पोरगीबी होती. बाईनं कोणाले म्हटलं नाई का तू आमच्यात ये. पण गावात लोक बोलत. पापाचं घर म्हणत, लेकरं विकते म्हणत, धरम बुडवते म्हणत. अन् रविवारी चर्चात बाईचेच लोक म्हणत, सलोमीबाई, तुम्ही अशा पोरींना आसरा देता म्हणून अशा पोरी होतात. दोन्हीकडून खाये बिचारी. घरी येऊन चपला काढे अन् म्हणे, "कमल, चहा ठेव. आज दोन्ही बाजूंनी भाजून निघाले."

आता ओटीचं.

मले सातवा लागला. आमच्याकडं सातव्यात पोटुशीले पाटावर बसवतेत, तिच्या पदरात नारळ, गहू, खणाचं कापड घालतेत, चार सुवासिनी येतेत, गोडधोड करतेत. मी पहिलटकरीण, माझं काहीच झालं नाई. पण एक दिवस शेजारच्या घरी कोणाची तरी ओटी होती, गाण्याचा आवाज आला, अन् माझ्या हातातलं पीठ तसंच राह्यलं. बाईनं पाह्यलं. मले काही न बोलता ती कुंपणाशी गेली अन् शेजारणीले विचारून आली का काय-काय लागते. दुसऱ्या दिवशी बाजारातून सारं आणलं, पाट मांडला, पोरीईले गोळा केलं, मले बसवलं. मी पदर पसरला. अन् बाईनं माझ्या पदरात पांढरंफेक ब्लाऊजपीस ठेवलं.

मी पाटावरून उठलीच. "माझा नवरा मेला नाई!" मी वरडली. "मेला नाई तो! पांढरं काऊन घातलं?"

बाई तशीच उभी, हातात नारळ. तिले खरंच कळलं नाई. मंग हळूच म्हणे, "कमल... आमच्यात नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते गं. माझी आई उभी राहिली होती. मी दुकानातलं सगळ्यात चांगलं पांढरं मागितलं."

दोघीबी आपापल्या जागी बरोबर होतो, अन् दोघीबी रडकुंडीले आलो. बाईनं ते कापड उचललं अन् सैपाकघरात गेली. हिरव्या रंगाची पुडी आणवली, जर्मनच्या पातेल्यात पाणी उकळलं, मीठ टाकलं अन् कापड बुडवून लाकडानं ढवळत बसली. ढवळून समाधान झालं नाई तर हात घातले. कापड वाळलं तवा कुठी गर्द, कुठी फिक्कं, कैरीच्या सालीसारखं. तिचे हात कोपरापर्यंत हिरवे झाले, ते काही केल्या निघेना. तशीच रविवारी चर्चात गेली. प्रभुभोजनाची भाकर घ्यायले तिनं हिरवे हात पुढं केले अन् सारे पाहतच राह्यले म्हणे. घरी येऊन सांगत होती अन् पोट धरून हासत होती. "पाळकांना वाटलं मला काहीतरी रोग झाला. भाकर वरूनच टाकली त्यांनी माझ्या हातात!"

मंग ओटी भरायले सुवासिन कुठून आणायची? शेजारणी म्हणाल्या, आम्ही सामान सांगतलं, पण घरात येणं जमणार नाई. बाई म्हणे, "मीच भरते. मला कुंकू लावायचं माहीत नाही, पण हात आहेत ना." तिनं ते कैरीसारखं कापड माझ्या पदरात घातलं, गहू घातले, नारळ घातला, उलटाच, अन् डोळे मिटून तिच्या देवाले म्हणे, "हिला रिकाम्या हातानं पाठवू नको." बस, एवढंच.

त्याच कापडाची चोळी शिवली मी. सेवाग्रामले मोठ्या दवाखान्यात बाळंत झाली. लेक झाली. बारीक होती, पण गोरीपान. नवरा आला नाई, ना त्याच्याकडचं कोणी. तो मेला का जगला मले आजवर माहीत नाई. कुंकू मी लावतच राह्यली, पुसायचं का ते कोणाले विचारू? लेक पावसाळा लागायच्या आतच गेली. ताप आला अन् गेली. माझ्या गावाले निरोप पाठवला, कोणी आलं नाई. तवा बाईनं त्या वेळच्या पाळकांशी भांडून त्याईच्या कबरस्तानात एका कोपऱ्यात, कडुनिंबाखाली, माझ्या लेकीले जागा करून घेतली. मी किरिस्ताव नाई, लेकबी नव्हती. बाई त्याईले एवढंच म्हणे, "इतक्याशा लेकराला कितीशी जागा लागते?"

मी मंग कुठी गेलीच नाई. राह्यली. सैपाक माझा, पोरीईचं पाहणं माझं, बाकीचं बाईचं. अन् तवापासून घरात रीत पडली. जी कोणी आली, लग्नाची असो, बिनलग्नाची असो, टाकलेली असो, सातव्यात तिची ओटी व्हायचीच. बाजारात हिरवी ब्लाऊजपीसं ढीगभर भेटतेत. पण बाईनं कधी हिरवं आणलं नाई. पांढरंच आणे अन् त्याच पातेल्यात रंगवे. पोरगी चुलीपाशी बसून पाहे, आपल्यासाठी कोणीतरी काहीतरी करून राह्यलं म्हणून. मले वाटते, बाईले तेच पायजे होतं. त्या पातेल्याचं बूड हिरवं झालं ते झालंच. त्यात दुसरं काही शिजवलं नाई.

वैशाली आली तवा मी चाळिशी उलटलेली. तिची माय तिले घेऊन आली होती, शाळेत मॅडम, इस्त्रीचं पातळ, खांद्याले पर्स. पोरगी कॉलेजात. घरी सांगतलं होतं का नागपूरले कोर्स करायले गेली. मॅडम आधी डॉक्टरकडं जाऊन आल्या होत्या, डॉक्टरनं सांगतलं होतं का आता वेळ निघून गेली. मॅडमच बोलत होत्या, भराभर. "झालं की लेकरू कोणाला द्यायचं ते द्या. आम्हाला पाहायचं पण नाही. कोणाला कळता कामा नये." बाई म्हणे, "ते हिला ठरवू द्या. ठरवायला वेळ आहे." मॅडम म्हणाल्या, "हिनं ठरवलं तेच तर झालं!" पोरगी तवा पहिल्यांदा रडली.

ओटीच्या दिवशी नेमक्या मॅडम भेटायले आल्या. पाट मांडलेला, वैशाली बाईचं एक लुगडं नेसून बसलेली, ते तिले घोळत होतं. मॅडम दारातच थांबल्या. "ओटी? हिची? लग्नाचा पत्ता नाही अन् ओटी भरून राह्यल्या? लाज नाही वाटत काय तुम्हाले?" रागानं त्याईची शाळेतली भाषा गेली अन् घरातली बाहेर आली. मॅडम बाहेर पायरीवर जाऊन बसल्या, पाठ करून. पण दार उघडंच होतं.

बाईनं ओटी भरायले घेतली. गहू आधी घातले, मंग कापड, तेबी नीट घडी न करता. नारळ घेतला तो शेंडी स्वतःकडं करून. मले वाटलं, चुकून राह्यली, पण माझं तिकडं लक्ष नव्हतं, मी मॅडमकडं पाहत होती. त्या मान वळवून पाहून राह्यल्या होत्या. एकदा पाह्यलं. पुन्हा पाह्यलं. अन् मंग त्याईच्याच्यानं राह्यवेना. "अहो, शेंडी तिच्याकडं करा ना! तिच्याकडं!" बसल्या जागेवरून वरडल्या. बाईनं नारळ गोल फिरवला अन् पुन्हा शेंडी स्वतःकडंच. "कशी, अशी?" मॅडम उठल्या, आत आल्या, बाईच्या हातातून नारळ हिसकूनच घेतला. "काहीच कसं येत नाही तुम्हाले! अन् तू, पदर दोन्ही हातानं धर, एका हातानं धरते काय कोणी?" पोरीनं पदर दोन्ही हातानं धरला. मॅडमनं नारळ घातला, गहू घातले, कापडाची घडी नीट केली. कुंकवाची डबी स्वतःच्या पर्समधून काढली. अन् लेकीच्या कपाळाले बोट लावलं तवा ते बोट तिथंच राह्यलं... कितीक वेळ.

मी संध्याकाळी भांडे घासता घासता बाईले म्हटलं, "काय वो बाई, इतक्या ओट्या भरल्या तुम्ही, अजून नारळ कसा धरावा समजलं नाई काय?"

बाई काठीले टेकून उभी होती, तवाच गुडघे गेलेले. म्हणे, "समजलं की. दुसऱ्याच वर्षी समजलं होतं."

"मंग?"

"मी बरोबर धरला असता तर त्या बाहेरच बसून राहिल्या असत्या."

वैशालीचं लेकरू कायद्यानं, सरकारी माणसं येऊन, दुसऱ्या घरी गेलं. तिनंच ठरवलं. जाताना हिरव्या कापडात गुंडाळून दिलं. त्याचं पुढं काय, ते आम्हाले माहीत नाई अन् विचारायचंबी नाई. वैशाली शिकली, नोकरीले लागली, तिचं घर झालं. दिवाळीच्या सुट्टीत येये, दोन दिवस राहे, बाईचे पाय चोळून देये. त्या लेकराचं ती कधी बोलली नाई. आता लिहिता लिहिता थांबली हाय ती. थांबू दे.

साऱ्यायचं असं झालं नाई, हेबी सांगतलं पायजे. काही पोरी पळून गेल्या. काही ज्या घरातून आल्या त्याच घरात परत गेल्या, अन् एकीचं तर मंग जे ऐकलं ते ऐकायले नको होतं. बाईनं दोन दिवस अन्न घेतलं नाई. काही पोरी आमच्याकडं आल्या, पण मंग दुसरीकडं जाऊन पोट पाडून मोकळ्या झाल्या. बाईच्या देवाले ते चालत नव्हतं, बाईलेबी चालत नव्हतं, ती रडे. पण त्यातली एकजण पंधरा दिवसानं परत आली, नुसती येऊन पायरीवर बसली, तवा बाईनंच तिले आत आणलं, अंथरूण टाकून दिलं. चर्चच्या एका बाईनं विचारलं, हिला कशाला? बाई म्हणे, "थकून आली आहे. उतरू दे तिचा थकवा, मग देव पाहील त्याचं."

थकली तर बाईच होती. मलेबी दिसे. पाय सुजत, साखर वाढली, नजर कमी झाली. तपासणीवाले येत, कागद मागत. मदत करणारे म्हातारे होऊन गेले, नवे आले नाई. पोरी कमी झाल्या, पण एखादी तरी राहेच. एक दिवस बाई बाकावर बसली अन् म्हणे, "कमल, मी फार थकले गं. देव थकत नाही म्हणतात. त्याला दोन्ही वेळचा स्वयंपाक करावा लागत नाही ना." मी म्हटलं, "सैपाक तर मी करून राह्यली, तुम्ही कायले थकता?" तर हासली. पण त्या हासण्यातबी दम नव्हता.

रेश्मा मागल्या हिवाळ्यात आली. होळीनंतर तिले सातवा लागणार होता. बाई तवा अंथरुणालेच लागलेली, पुढच्या खोलीत. मले बोलावून म्हणे, "कापड आणलंस का? पांढरं?" मी म्हटलं, आणलं. "रंगव. रविवारी करू." मी रंगवलं. दोरीवर टाकलं ते तिले खिडकीतून दिसे. "अजून डागच पडतात तुझ्याकडून," म्हणे. मी म्हटलं, "तुमच्याकडूनच शिकली." हे आमचं शेवटचं बोलणं. रविवार आलाच नाई. त्याच्या आधीच्या सकाळी मी चहा घेऊन गेली तर बाई भिंतीकडं तोंड करून होती, अन् चहा तसाच माझ्या हातात राह्यला.

तर ते ताटातलं कापड रेश्माचं होतं. सामान रेश्माचं होतं. मीच तिले विचारलं सकाळी, "पोरी, तुझी ओटी बाईले देऊ काय?" तिनं मान हलवली.

आता त्या खोलीतलं सांगतलं का झालं. साहेब म्हणाले, लग्न नव्हतं झालं. प्रकाश म्हणे, लोक पाहून राह्यले. मी लय शिकलेली नाई, मले वाद घालता येत नाई. मी साहेबाईले एवढंच म्हटलं, "साहेब, बाईनं गावातल्या साऱ्या टाकलेल्या पोरीईच्या ओट्या भरल्या. तिची कोणी भरली नाई. तिले रिकाम्या हातानं नका पाठवू." साहेबाईनं पुस्तक उघडलं अन् म्हणाले, "मी... मी गीत शोधतो तोवर." अन् भिंतीकडं तोंड करून पानं उलटवत राह्यले. त्याईले ती गाणी तोंडपाठ हायेत, साऱ्यायले माहीत हाय.

मी बाईचा पदर तिच्या मांडीवर पसरला. पांढराच होता. त्याच्यावर हिरवं कापड ठेवलं. गहू ठेवले. नारळ घेतला, अन् मी तो शेंडी माझ्याकडं करून धरला.

"काकू, शेंडी त्यांच्याकडं."

मी मान वर केली. सुनीता बोलली होती, प्रकाशची बायको, आल्यापासून जी रुमाल तोंडाले लावून कोपऱ्यात उभी होती. प्रकाश म्हणे, "तुला काय माहीत?" ती म्हणे, "माझी आजी करायची. घरातल्या घरात, दार लावून." अन् पुढं आली. माझ्या हातातून नारळ घेतला, सरळ केला, बाईच्या पदरात ठेवला. दोन्ही हातानं पदर बाईच्या बोटाईखाली दाबला, जसा तिनंच धरला असन. मंग वैशाली आली. मंग रेश्मा खुर्चीवरून उठली, भिंतीचा आधार घेत, अन् तिनं हळकुंड ठेवलं. दाराशी उभी असलेली चर्चची एक म्हातारी, जी कधी आमच्या घरात आली नव्हती, तीबी आली. तिच्याजवळ काही नव्हतं. तिनं ताटातलेच चार दाणे उचलून घातले. साहेबाईले गीत सापडलं तवाच, जवा आम्ही सारे मागं सरकलो.

वैशालीनं मंग मले विचारलं, "काकू, तुम्ही मुद्दाम उलटा धरला होता ना?" मी तिले काही सांगतलं नाई. तुम्हालेबी नाई सांगत.

बाई कडुनिंबाच्या कोपऱ्यात हाय, माझ्या लेकीच्या बाजूले. तिनंच सांगून ठेवलं होतं. आता काही दिवस झाले. घराचं काय करायचं ते चर्चचे लोक ठरवून राह्यले, बंद करायचं का कोणी नवं माणूस येईन, अजून कळलं नाई. वांदरं येतेत, हाकलायले कोणी नाई, शेवग्याच्या शेंगा तेच खातेत. मी सकाळी दोन कप चहा मांडते अन् मंग एक उचलून ठेवते. काल रेश्मासाठी पुन्हा पांढरं कापड आणलं, ते पातेलं चुलीवर ठेवलं, पाणी उकळलं. बूड आधीचंच हिरवं, रंग टाकायच्या आधीच पाणी हिरवं दिसलं. रेश्मा बाजूले बसून पाहत होती. माझ्या हातानं आता ढवळवत नाई, तिनंच लाकूड घेतलं.

हे वाचणाऱ्या बायाईले माझं एकच मागणं हाय. तुमच्या घरात, गल्लीत, नात्यात अशी एखादी पोरगी असन, पोटुशी अन् एकटी, तर तिले आमच्याकडं पाठवायची वाट पाहू नका. आमचं घर राह्यलं न राह्यलं. तिले पाटावर बसवजा, तिची ओटी भरजा. येत नसन तरी भरजा. चुकलं तर सांगायले कोणीतरी उठून येईन.